समासातल्या चार ओळी

नागपूरच्या हायकोर्टाच्या इतिहासावर मी पाच पानं लिहून द्यावीत, असं गेल्या उन्हाळ्यात इथल्या काही वकिलांनी ठरवलं. त्यांची स्मरणिका निघायची होती. मी चंद्रपुरातल्या एका वकीलसाहेबांचा कारकून आणि भाषांतरकार. सत्तावीस वर्षं अपिलांचे गठ्ठे घेऊन त्या इमारतीत जातोय, तेव्हा याला सगळं माहीत असणार, असं त्यांना वाटलं.

माहीत आहेच. नागपूरचं राज्य खालसा केल्यावर इंग्रजांनी मध्य प्रांत केला आणि नागपुरात ज्युडिशियल कमिशनर बसवला. सगळ्या प्रांताची अपिलं त्याच्यापुढे चालायची. पुष्कळ वर्षांनी विलायतेहून राजाच्या मोहरेचं फर्मान आलं आणि त्या कोर्टाचं हायकोर्ट झालं. घुमटाची दगडी इमारत त्यानंतरची. स्वातंत्र्य मिळाल्यावर राज्यांची नवी मांडणी झाली, तेव्हा हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि इमारत आपल्याकडे राहिली. आता तिथे मुंबईच्या हायकोर्टाचं खंडपीठ बसतं. जुने वकील अजूनही "आपलं हायकोर्ट नेलं" असं म्हणतात, घरातलं कपाट कुणी उचलून नेल्यासारखं.

खेड्यातल्या माणसाला यातलं काही लागत नाही. चांद्याला, म्हणजे चंद्रपुरात, हरलो तर नागपूर आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्या एवढंच ठाऊक आहे.

साडेतीन पानं लिहून झाली आणि पुढे जाईना. त्या इमारतीच्या इतिहासात माझाही एक तुकडा आहे, तो टाळून मला घुमटाचं वर्णन करता येईना. पानं मी दिली नाहीत. सहा वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे.

आधी माझं काम काय ते सांगतो. अपील नागपूरला गेलं की मराठी कागदांसोबत त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. प्रत्येक भाषांतराखाली मी लिहितो की हे खरं आणि बरोबर आहे, आणि सही करतो. न्यायाधीशासमोर त्या कागदाचं तोंड म्हणजे माझं भाषांतर. जुन्या कागदात शाई उडालेली असते, घडीवर फाटलेलं असतं. तिथे चौकटी कंस करून आत 'इल्लिजिबल' असं टाइप करायचं, म्हणजे वाचता येत नाही. हा शब्द प्रामाणिक माणसासाठी केलेला आहे. अंदाजानं काही ठोकून देऊ नये, म्हणून.

मोडी मला वडिलांनी शिकवली. ते रेकॉर्ड रूममध्ये नक्कलनवीस होते. जुन्या दस्तांच्या हातानं नकला काढण्यात त्यांची नोकरी गेली. मी भाषांतरं करायला लागलो तेव्हा माझं पहिलं मोठं काम त्यांनी मागून घेतलं आणि लाल शाईनं रंगवून काढलं. बरं, घरात रंगवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते कागद घेऊन ऑफिसात आले आणि साहेबांसमोर मला म्हणाले, "तुले मोडी येत नाई बाबू. तू नुसता चित्र पाहून राह्यला." साहेब हसले. दोन अशील बसले होते, तेही हसले.

त्या दिवसानंतर मी त्यांना एकही कागद दाखवला नाही. एका घरात राहून आमचं बोलणं बायकोमार्फत चालायचं. "त्यांना सांग, औषध आणलंय." "त्याले सांग, मले दिसते." असं.

आता ती केस.

गडचिरोलीकडच्या एका गावात मोठा तलाव आहे. मालगुजारांच्या काळातला. मालगुजार म्हणजे इंग्रजांसाठी सारा गोळा करणारा गावचा मालक. तलावाच्या एका अंगाला ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, तीसेक घरं. ते लोक दर उन्हाळ्यात तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, स्वतःच्या अंगमेहनतीनं नीट करायचे. पाणी सोडायचं जे दार असतं, आम्ही त्याला तुडूम म्हणतो, तेही तेच सांभाळायचे. मासळी आणि शिंगाडा त्यांचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी कितीतरी वर्षं हे चालू राहिलं. मग तलावाचा ठेका निघाला आणि बाहेरच्या माणसानं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, म्हणून ताबा द्यायचं तेवढं शेवटच्या निकालापर्यंत थांबलं. ढिवर खालच्या दोन्ही कोर्टांत हरले आणि आमच्या साहेबांकडे आले.

आले म्हणजे एक बाई आल्या. पन्नाशीच्या. केस त्यांच्या नवऱ्यानं लावली होती. तो वारल्यावर त्यांनी ती पुढे ओढली. काखेत बांबूची नळी, तिच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा. बोळा काढून त्यांनी गुंडाळलेला कागद टेबलावर ठेवला. जमीनसाऱ्याच्या बंदोबस्ताच्या वेळी इंग्रजांचे कारकून गावोगाव फिरून रिवाज लिहून घ्यायचे, त्या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. तिची ही जुनी नक्कल. मूळ रजिस्टरची ती पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे जगात ही एकच उरलेली. खालच्या कोर्टात ती दाखल झाली होती आणि निकालानंतर परत मिळाली होती, पण तिच्यावर कुणी फार बोललंच नव्हतं.

साहेब म्हणाले, "बाई, हा कागद पण जाळ्यात सापडला का?"

"सासऱ्याच्या बापानं आनला साहेब चांद्यावून. पायी गेल्ता," बाई म्हणाल्या. "मासे त तुमी लोकं खाऊन टाकता. कागद कोनाले खाता आला नाई, म्हनून राह्यला."

साहेब मोठ्यानं हसले. मग नक्कल माझ्याकडे सरकवून म्हणाले, "शुक्रवारी गठ्ठा नागपूरला जायला पाहिजे. बघ."

नक्कल बाळबोध लिपीत होती, स्पष्ट. तिच्यात लिहिलं होतं की तलावाची मासळी कुणाला द्यायची ते मालगुजार ठरवील. म्हणजे आमच्या विरुद्धच. पण डाव्या समासात, उभ्या कडेला, बारीक मोडीत चार ओळी होत्या. घाईचा हात, शाई फिकी. बाई जाताना त्या ओळींवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे कोपऱ्यातलं वाचजा बरं. आमचा बुढा म्हने का जे हाय ते इथीच हाय."

मी दोन दिवस घालवले. पहिल्या ओळीत 'पाळ' लागलं. पुढे 'ढिवर लोक' लागलं. तिसऱ्या ओळीत 'शिंगाडा' असावं असं वाटलं. बाकी माझ्यासाठी गुंतवळ होती.

इथे मला नेमकं लिहायला हवं. जेवढं लागलं तेवढं लिहून बाकीच्याला कंस करायला हवे होते. तोच नियम आहे. पण ते तीन शब्द कोर्टापुढे गेले असते तर पहिला प्रश्न आला असता की उरलेलं काय आहे, कुणाकडून तरी वाचून आणा. आणि चंद्रपुरात ते वाचू शकणारा माणूस माझ्याच घरी, ओसरीतल्या खुर्चीवर बसलेला होता. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा लावून पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचत होता. मला त्यांच्यापुढे कागद घेऊन उभं राहावं लागलं असतं.

मी टाइप केलं: समासातील मजकूर इल्लिजिबल. चारही ओळी एका कंसात. खाली लिहिलं, खरं आणि बरोबर. सही केली.

अपील दीड वर्षानं सुनावणीला आलं. मी गठ्ठा घेऊन साहेबांच्या मागे उभा होतो, बाई सगळ्यात शेवटच्या बाकावर. न्यायाधीशांनी कागद स्वतःहून उचलला, डोळ्यांजवळ नेला. या समासात काहीतरी लिहिलेलं दिसतंय, त्यांनी विचारलं, हे वाचणारं कुणी नाही का? साहेब मागे वळून माझ्याकडे पाहू लागले. मी नाही अशी मान हलवली. साहेब म्हणाले की आमचे भाषांतरकार मोडीचे जाणकार आहेत, वडिलांपासूनची विद्या आहे, त्यांना वाचता आलेलं नाही.

वडिलांपासूनची विद्या. तेव्हाही सांगता आलं असतं. आठ दिवसांची मुदत मागा, एवढं साहेबांच्या कानात बोलायचं होतं. न्यायाधीश थांबलेही होते, खरंच थांबले होते. मग त्यांनी पान उलटलं.

निकालात आलं की पाळीची मेहनत आणि मासळीचा हक्क यांचा संबंध दाखवणारा लेखी पुरावा नाही. अपील फेटाळलं. त्या निकालात मला कुठेही चूक दिसत नाही. कोर्टानं विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर बाईंनी विचारलं, "झालं का?"

साहेब म्हणाले, "झालं बाई. हरलो."

"पूरं हरलो का थोडंसं राह्यलं?"

साहेब गाडीकडे निघाले. बाईंनी मला विचारलं, "भाऊ, तुमी जेवले का सकाळून?" त्यांनी फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. तिथेच झाडाखाली बसून मी त्यांच्यातली एक खाल्ली.

एवढंच असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. नाही लागलं वाचायला, नाही लागलं. पण पुढचं आहे.

निकालाला एकवीस दिवस झाले होते. फायली आवरायला म्हणून मी त्या केसच्या झेरॉक्स घरी आणल्या होत्या. दुपारी जेवून उठलो, हात धुऊन आलो, तर वडील टेबलाशी बसलेले आणि त्यांच्यापुढे त्या नकलेची झेरॉक्स. भिंग लावून वाचत होते. त्यांना मी कागद दिला नव्हता. जुनं अक्षर दिसल्यावर त्यांना राहवलं नसेल. मला पाहून थेट बोलले, बायकोला मध्ये न घेता.

"बस. आयक."

आणि त्यांनी वाचलं. अडखळले फक्त एकदा. "सदर तलावाची पाळ व तुडूम ढिवर लोक दरसाल आपले मेहनतीने दुरुस्त राखितात. सबब मासळी व शिंगाडा त्यांचा. मालगुजाराने मना करू नये. सणास त्याचे घरी मासळी पोहोचवावी, इतकाच रिवाज."

दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"लय घाईत लिवलं त्यानं," ते म्हणाले. "बंदोबस्ताच्या साहेबाचा घोडा निघून राह्यला असंन. पन साफ आहे. कोन्या केसमधला आहे हा?"

मी म्हणालो, "जुनी आहे. संपली."

"जितले का?"

"हो."

वडिलांना बरं वाटलं. त्यांनी पाठकोरा कागद मागितला, त्या चार ओळी बाळबोधीत उतरवल्या आणि सवयीप्रमाणे खाली लिहिलं: नक्कल बरोबर. सही. तारीख. "ठेव," म्हणाले, "गावच्या लोकायले देजो. त्यायले बरं वाटन." त्यांचं माझ्यावर प्रसन्न होणं मी किती वर्षांनी पाहत होतो. त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. ते गेले तोवर चांगलं राहिलं. हे सुद्धा मला त्या खोट्यावर मिळालं.

निकालाचा फेरविचार करा असा अर्ज तीस दिवसांत करता येतो. नऊ दिवस शिल्लक होते. अर्ज कसा करतात ते मला ठाऊक होतं, असे अर्ज मीच टाइप करतो. फक्त त्यात लिहावं लागलं असतं की भाषांतरकाराची सही खोटी होती. मी वडिलांचा कागद फायलीत घातला, फाईल कपाटात, कपाटाची किल्ली खिशात.

मग सहा वर्षं गेली. ठेकेदारानं पाळीकडे पाहिलं नाही. तिच्यावर बेशरमीची झुडपं माजली. ढिवरांच्या घरांतली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागली. हे सगळं मला येणाऱ्या-जाणाऱ्या अशिलांकडून कळायचं. मी विचारायचो. विचारल्यावाचून राहवायचं नाही आणि ऐकलं की जेवण जायचं नाही.

यंदा पावसाळ्यानंतर बाई पुन्हा आल्या. केस पांढरे झालेले, हातात तीच नळी, रिकामी. गावाला तलावावर वनहक्काचा दावा टाकायचा होता. "माहा कागद वापस द्या भाऊ. गडचिरोलीत एक मास्तर हाय म्हंतेत, मोडी वाचते. त्याच्याकून वाचून घेतो."

खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो: मी बोललो त्याचं पहिलं कारण भीती होतं. तो मास्तर वाचणारच होता.

साहेब आतल्या खोलीत होते. मी बाईंना म्हणालो, "थांबा. मी वाचून दाखवतो." आणि वडिलांचा कागद काढून वाचला.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "हे कवा वाचलं तुमी?"

"निकालानंतर एकवीस दिवसांनी. माझ्या वडिलांनी वाचलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

मी सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "मले एकटीले नोका सांगू. माह्या एकटीचा नाई तलाव. रविवारी गावात या, तवा सांगा."

मी गेलो. चंद्रपूरहून मूल गावामार्गे बस, पुढे एकाची मोटारसायकल. समाजमंदिरात चटया टाकल्या होत्या. मिरचीला न गेलेले म्हातारे, बाया, तीन-चार तरुण. बाईंनी ओळख करून दिली, "हे कोर्टाचे भाऊ. यायले काई सांगाचं हाय." चहासुद्धा आला.

मी सगळं सांगितलं. एका तरुणानं विचारलं, "म्हंजे तुमाले वाचताच येत नवतं का?"

"थोडं येत होतं. बाकीचं माझ्या वडिलांना येत होतं."

"ते कुठी होते?"

"घरीच."

"मंग?"

"मी त्यांना विचारलं नाही. आमचा अबोला होता."

मग मागून एक म्हातारी हसली, कडूपणानं नाही, नवल वाटल्यासारखी. "आता घ्या. याचा बापाशी अबोला, अन् आमी चाललो मिरची तोडाले." दोघी-तिघी हसल्या. तो तरुण उठून बाहेर निघून गेला. मला वाटलं होतं शिव्या पडतील. त्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याऐवजी एक म्हातारा म्हणाला, "पुन्हा एक बार वाचा बरं, माह्या कानाले कमी आयकू येते." मी पुन्हा वाचलं. 'मालगुजाराने मना करू नये' इथे तो मान डोलवत राहिला.

निघताना बाई म्हणाल्या, "आता काय करता येते ते करा. पन लिवून करा."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. साहेब सत्तरीचे आहेत. त्या न्यायाधीशापुढे माझी विद्या त्यांनीच सांगितली होती. शेवटी म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर एका अर्जाचं काम होतं. मी तुझ्या जागी दुसरा भाषांतरकार घेतला असता आणि दोन दिवसांत विसरलो असतो." मग म्हणाले, "हायकोर्टाचा निकाल उभा असेल तोवर दुसऱ्या कुठल्या दाव्यात तो आपल्या तोंडावर मारतील. फेरविचार मागू. मिळेल असं सांगत नाही. सोबत उशीर माफीचा अर्ज, आणि त्याला तुझं प्रतिज्ञापत्र. उशिराच्या एकेका दिवसाचं कारण द्यावं लागतं, तुला ठाऊक आहे. ते तूच टाइप कर, मी सांगणार नाही."

ठाऊक आहे. किती अशिलांकडून मी अशी कारणं काढून घेतली आहेत. आजारपण, पूर, घरात मयत. माझ्याकडे त्यातलं एकही नाही. सहा वर्षांचं साहेबांनी दोन परिच्छेदांत बसवायला सांगितलं, पण मुदतीतले ते पहिले नऊ दिवस सुटे लिहायचे, असं म्हणाले. कोर्ट तेच विचारील.

ऑफिसची जुनी डायरी काढून बसलो. पहिल्या दिवशी वडिलांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुट्टी. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या केससाठी नागपूरला होतो. असे अर्ज जिथे घेतात त्या खिडकीवरच उभा होतो, हातात दुसराच कागद होता. चौथ्या, पाचव्या दिवशी नेहमीचं काम. सहाव्या दिवशी ऊर्जानगरला मेहुणीकडे बारसं. सातव्या, आठव्या दिवशी डायरीत काही नाही.

नवव्या दिवशी, दुपारी, माझ्याच अक्षरात: तलाववाल्या बाई आल्या. त्या उकडलेले शिंगाडे घेऊन आल्या होत्या, टोपलीभर. तलावातले शेवटचे, ठेकेदाराचा ताबा यायच्या आधी काढलेले. केस हरलो तरी तुमी आमच्यासाठी मेहनत केली, म्हणाल्या. कपाटाकडे पाठ करून मी त्यांच्यासमोर बसलो आणि सोलून सोलून ते खाल्ले. मग त्यांना बस स्टँडवर सोडून आलो, खिडकीशी जागा पाहून दिली. परत आलो तेव्हा पाच वाजायला अजून अवकाश होता. साहेब ऑफिसातच होते.

हे सगळं मी प्रतिज्ञापत्रात जसंच्या तसं टाइप केलं आहे. उद्या सही करायची आहे.